प्रोस्टेटमध्ये दडलेला जंतू

लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, गोळ्यांचा कोर्स, मग आराम. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, आणि कल्चरमध्ये जंतूही तोच, बहुतेकदा ई. कोलाय. पुरुषांमध्ये असं वारंवार होऊ लागलं की संशय मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या प्रोस्टेटवर, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीवर जातो. मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधूनच जातो.

हा संशय सिद्ध कसा करायचा, हे मात्र फार काळ कोणालाच नीट जमत नव्हतं. अल्बर्ट नायसरने १८७९ मध्ये परम्याचा, म्हणजे गनोरिया या गुप्तरोगाचा, जंतू शोधला आणि पुढे कित्येक वर्षं प्रोस्टेटच्या सुजेचं खापर बहुधा परम्यावरच फुटत राहिलं. उपचार काय, तर गुदद्वारातून बोट घालून ग्रंथीचा मसाज, तोही आठवड्यामागून आठवडे! प्रतिजैविकं आल्यावर ही पद्धत मागे पडली, पण निदान अंदाजपंचेच राहिलं.

१९६८ मध्ये मीअर्स आणि स्टॅमी या मूत्ररोगतज्ज्ञांनी चार नमुन्यांची तपासणी मांडली. लघवीचे पहिले १० मिलिलिटर मूत्रमार्गाचे, मधली धार मूत्राशयाची. मग मसाज करून आलेला प्रोस्टेटचा स्राव आणि त्यानंतरची थोडी लघवी. शेवटच्या दोन नमुन्यांत जंतू पहिल्यापेक्षा किमान दहापट निघाले, तर मुक्काम प्रोस्टेटमध्ये. मूत्राशयातच जंतू माजले असतील तर चारही नमुने सारखेच भरलेले दिसतात. म्हणून आधी नायट्रोफ्युरँटॉइनसारखं औषध द्यायचं, जे लघवी साफ करतं पण प्रोस्टेटमध्ये पुरेसं शिरत नाही.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. तपासणीला जे सोयीचं, तेच उपचारात घातक: लघवी स्वच्छ, रुग्ण खूश आणि जंतू ग्रंथीत सुखरूप. ट्रायमेथोप्रिम आणि १९८० च्या दशकातली फ्लुरोक्विनोलोन औषधं ग्रंथीत बऱ्यापैकी उतरतात, तरी जुनाट संसर्गाला सहसा चार ते सहा आठवडे लागतात.

चार नमुन्यांचा खटाटोप दवाखान्यात फारसा कोणी करत नाही. मसाजच्या आधीची आणि नंतरची लघवी तपासून भागवतात. तीव्र संसर्गात, ताप चढलेला असताना, मसाज टाळतातच, कारण जंतू रक्तात उतरू शकतात.

प्रोस्टेटच्या सुजेच्या १९९९ च्या वर्गीकरणात तीव्र आणि जुनाट जंतुसंसर्ग वेगळे काढल्यावर उरलेला मोठा गट निघाला तो जंतू न सापडणाऱ्या ओटीपोटाच्या दुखण्याचा.