उपशाच्या गाळाची कृत्रिम खाजणे

बंदरे व नौकामार्ग खोल ठेवण्यासाठी उपसलेला गाळ उथळ पाण्यात ठरावीक उंचीपर्यंत भरून तयार केलेली, भरतीच्या पाण्याने भिजणारी दलदल. अमेरिकेत लष्कराच्या अभियंता दलाने १९७३ ते १९७८ दरम्यान या तंत्राचा पद्धतशीर अभ्यास केला.

सारी मदार उंचीवर असते. तिथल्या खाजणांतले मुख्य गवत, स्पार्टिना, साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि सरासरी भरतीरेषा यांच्यामधल्या पट्ट्यातच नीट वाढते. भराव कमी पडला तर चिखलाचे उघडे मैदान उरते, जास्त झाला तर कोरड्या जमिनीवरची झुडपे शिरतात. त्यातच पंपाने सोडलेला पातळ गाळ पुढे कित्येक महिने, कधी वर्षेही खाली बसत राहतो. म्हणून आधी बांध घालून गाळ त्यात कोंडतात, वरचे पाणी सांडव्यातून काढून देतात, मग ओहळ कोरून रोपे लावतात आणि भरती आत घेतात. गाळ फार वाळू देणे धोक्याचे, कारण त्यातील पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा हवेशी संयोग होऊन आम्ल तयार होते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरातील पॉप्लर बेट एकोणिसाव्या शतकात १,१०० एकरांहून मोठे होते. १९९०च्या दशकात त्याचे जेमतेम पाच एकर उरले. १९९८ मध्ये तिथे बांधांचे काम सुरू झाले आणि २००१ पासून बाल्टिमोर बंदराकडे येणाऱ्या नौकामार्गांतला गाळ तिथे पडू लागला. विस्तारासह बेटाचे नियोजित क्षेत्र १,७१५ एकर आहे. डायमंडबॅक कासवे आता तिथे अंडी घालतात.

परवानगीचा भाग बांधकामाइतकाच किचकट आहे. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याचे कलम ४०४ पाण्यात भराव टाकण्यावर बंधन घालते, आणि दलदल उभारणे हाही कायद्याच्या लेखी भरावच. (हे परवाने देणारे अभियंता दल स्वतःला परवाना देत नाही, पण तेच निकष स्वतःच्या कामाला लावते.) कलम ४०१ खाली राज्याचे पाणी-गुणवत्ता प्रमाणपत्र लागते, नौवहनाच्या पाण्यासाठी १८९९ चा नद्या व बंदरे कायदाही लागू होतो. गाळात जड धातू वा तेलजन्य विषारी द्रव्ये आहेत का, हे तपासावे लागते. खरा वाद मात्र भरावाखाली जाणाऱ्या तळाचा असतो. तिथे समुद्रगवत किंवा कालवांचे थर असतील तर एक अधिवास गाडून दुसरा उभारण्याला मत्स्यखात्याचा आक्षेप येतो, आणि तो रास्तच असतो.

पैशांचा पेचही आहे. दल आपला गाळ पर्यावरणास चालेल अशा सर्वांत स्वस्त जागी टाकते. दलदलीसाठी येणारा जादा खर्च वाटून घेणारा स्थानिक भागीदार ड्रेजर (गाळ उपसणारे जहाज) येण्याआधी मिळाला नाही, तर तो गाळ नेहमीच्या जागीच जातो.