क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला तर सीझन तिकीटधारकाचा दावा: पात्रता, कागदपत्रे, मुदती

ही माहिती इंग्लंड आणि वेल्समधल्या फुटबॉल क्लबांसाठी आहे. ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्याने क्लबचा कारभार मालकाच्या हातून ॲडमिनिस्ट्रेटरकडे जाणं; सीझन तिकीट म्हणजे हंगामातल्या घरच्या सामन्यांचं आगाऊ घेतलेलं तिकीट. तिथे राहणारे आणि सीझन तिकीट घेणारे मराठी चाहते आता कमी नाहीत, आणि क्लब अडचणीत आला की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: मालक जाऊ दे, मग क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला तरी चालेल.

असं म्हणण्यामागचा संताप खरा आहे. शेफील्ड वेन्सडे 24 ऑक्टोबर 2025 रोजी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, संघाचे 12 गुण कापले गेले, आणि तरीही मालक देजफॉन चानसिरी यांच्या हातून कारभार सुटला म्हणून चाहत्यांनी बहिष्कार मागे घेऊन क्लबच्या दुकानासमोर रांगा लावल्या. पण ॲडमिनिस्ट्रेशनने मालकाचा ताबा जातो, त्याने क्लबला दिलेलं कर्ज जात नाही. ते धनकोंच्या, म्हणजे क्लबकडून पैसे येणं असलेल्यांच्या, यादीत राहतं, बऱ्याचदा सर्वांत मोठ्या आकड्याने आणि कधीकधी मालमत्तेच्या तारणासह. त्याच यादीत, अगदी खाली, तुमचं सीझन तिकीट येतं.

ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे नेमकं काय होतं

1986 च्या दिवाळखोरी कायद्यानुसार कंपनीचा कारभार परवानाधारक व्यावसायिकाकडे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरकडे जातो. त्याची नेमणूक न्यायालय, कंपनीचे संचालक किंवा पात्र तारण असलेला कर्जदाता करू शकतो. नेमणुकीची जाहिरात 'गॅझेट'मध्ये येते आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ॲडमिनिस्ट्रेटरचं नाव टाकावंच लागतं. पैसे किंवा बँकेचा तपशील मागणारी ईमेल आली तर ती या नावाशी आधी ताडून पाहा.

त्या दिवसापासून कंपनीला कायद्याचं कवच मिळतं. ॲडमिनिस्ट्रेटरच्या किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिच्यावर खटला चालवता येत नाही. म्हणून छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जाऊन फी भरण्यात अर्थ नसतो.

दावा कोणाचा लागतो

नेमणुकीच्या तारखेआधी क्लबला पैसे दिले आणि त्या बदल्यात मिळायचं ते मिळालं नाही, तर तुम्ही विनातारण धनको आहात. यात उरलेल्या सामन्यांचं सीझन तिकीट, रद्द सामन्याचा न मिळालेला परतावा, न आलेली जर्सी, न वापरलेलं गिफ्ट व्हाउचर, आगाऊ भरलेलं हॉस्पिटॅलिटीचं बुकिंग हे सगळं येतं. नागरिकत्वाची अट नाही, सध्या कुठे राहता याचीही नाही. पुण्याला परत आलेल्या माणसालाही दावा टाकता येतो.

क्लबचे शेअर घेतलेल्या चाहत्याचं तसं नाही. शेअर हे कर्ज नव्हे. भागधारकाचा नंबर सगळ्या धनकोंनंतर लागतो आणि तिथवर पैसा सहसा पोचत नाही. तेव्हा शेअरची रक्कम दाव्यात घालू नका.

नेमणुकीनंतर काढलेलं तिकीट जुन्या कर्जात धरलं जात नाही. तेही या फॉर्मवर लिहू नका.

आणखी एक अट लोकांच्या लक्षात येत नाही. सामने चालू आहेत आणि तुमचं तिकीट गेटवर स्वीकारलं जातंय, तोवर क्लबने करार मोडलेला नाही. ॲडमिनिस्ट्रेटर बहुधा सीझन तिकिटं मान्य ठेवतात, कारण रिकाम्या स्टँडचा क्लब विकत घ्यायला कोणी येत नाही. त्या काळात तुमचा दावा 'झाला तर' या स्वरूपाचा असतो. नोंदवून ठेवता येतो, पण परतावा मागता येत नाही.

आधी कार्ड पाहा, मग फॉर्म

सामने खरोखरच थांबले, तर दाव्याच्या फॉर्मआधी बँकेला गाठा. या एका पायरीने सर्वाधिक पैसे वाचतात आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक चुकते.

क्रेडिट कार्डाने घेतलेल्या वस्तूची किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत असेल, तर 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम 75 लागू होतं. विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. काही रक्कमच कार्डाने भरली असेल तरी चालतं. क्लबभोवतीचं कायद्याचं कवच बँकेला लागू नसतं, त्यामुळे ती ॲडमिनिस्ट्रेटरकडे बोट दाखवून सुटू शकत नाही.

दावे फेटाळले जातात ते बहुतेक तीन कारणांनी. पहिलं म्हणजे किंमत प्रत्येक वस्तूची धरतात, बिलाची नाही. दोन मुलांची 60 पौंडांची दोन तिकिटं एकाच बिलात 120 पौंडांना घेतली, तर कलम 75 लागत नाही. दुसरं, कार्ड एकाचं आणि खरेदी दुसऱ्याच्या नावावर. तिसरं, पैसे थेट क्लबला न जाता मधल्या एजंटाच्या किंवा वॉलेटच्या मार्गे गेलेले.

डेबिट कार्ड असेल तर चार्जबॅक मागा, म्हणजे भरलेली रक्कम बँकेमार्फत परत मागा. तो कायद्याने दिलेला हक्क नाही, कार्ड योजनेचा नियम आहे, आणि त्याची मुदत साधारण 120 दिवसांची असते. म्हणून सामने बंद झाल्याचं कळताच अर्ज द्या. तिकिटाचे हप्ते एखाद्या कर्ज कंपनीमार्फत जात असतील तर रागाच्या भरात डायरेक्ट डेबिट बंद करू नका. ते कर्ज त्या कंपनीचं आहे आणि चुकवलेल्या हप्त्याची नोंद तुमच्या नावावर होते. हप्ता भरत राहा आणि तक्रार लेखी द्या. बँकेने किंवा कर्ज कंपनीने आठ आठवड्यांत निकाल दिला नाही किंवा नकार दिला, तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं. अंतिम उत्तर मिळाल्यापासून त्यासाठी सहा महिने असतात.

दाव्याचा फॉर्म आणि कागदपत्रे

या फॉर्मला 'प्रूफ ऑफ डेट' म्हणतात. फी नाही, वकील लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरने धनकोंना पाठवलेल्या पत्रात त्याच्या पोर्टलचा पत्ता आणि कोड असतो. पत्र आलं नसेल तर तुम्हीच नाव, पत्ता आणि तिकिटाचा ग्राहक क्रमांक कळवून फॉर्म मागवा. क्लबच्या तिकीट यादीतला ईमेल जुना असेल तर पत्र तिकडेच जात राहतं.

फॉर्मवर पूर्ण नाव व पत्ता, नेमणुकीच्या तारखेला असलेली एकूण रक्कम, त्यात व्हॅट व व्याज आहे का, देणं कसं आणि कधी निर्माण झालं, तारण आहे का (चाहत्याच्या बाबतीत 'नाही'), पुराव्याच्या कागदांची यादी, आणि सही व तारीख. सोबत हे जोडा:

- खरेदीची पावती किंवा पुष्टीची ईमेल
- कार्डाचं किंवा बँकेचं त्या महिन्याचं स्टेटमेंट
- तिकिटाची प्रत, स्टँड व आसन क्रमांकासह
- झालेल्या आणि राहिलेल्या घरच्या सामन्यांची तारखांसह यादी
- बँकेकडून काही रक्कम मिळाली असेल तर त्याचं पत्र

कंपनीचं नाव नीट लिहा. क्लबच्या नावामागे दोन-तीन कंपन्या असतात. डर्बी काउंटीचं मैदान प्राइड पार्क 2018 मध्ये तेव्हाचे मालक मेल मॉरिस यांच्याच दुसऱ्या कंपनीला 8 कोटी 11 लाख पौंडांना विकलं गेलं होतं, म्हणजे संघ एका कंपनीचा आणि मैदान दुसरीचं. तुमचे पैसे ज्या कंपनीने घेतले तिचं नाव आणि नोंदणी क्रमांक पावतीवर पाहा आणि कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या मोफत नोंदींत तपासा. चुकीच्या कंपनीवर टाकलेला दावा फेटाळला जातो.

रक्कम कशी काढायची

इंग्लिश फुटबॉल लीगच्या (ईएफएल) चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या विभागांत प्रत्येकी 24 संघ असतात, म्हणजे घरचे 23 सामने. तिकीट 460 पौंडांचं असेल तर एका सामन्याचे 20 पौंड. 8 सामने झाले आणि 15 बुडाले, तर दावा 300 पौंडांचा. मनस्ताप, प्रवासखर्च, संघ खाली घसरला याची भरपाई यांतलं काही त्यात घालू नका. आकडा फुगवला की तपासणी लांबते.

हातात यातलं किती पडेल? आधी मालमत्तेवर थेट तारण असलेले, मग ॲडमिनिस्ट्रेशनचा खर्च, मग कर्मचाऱ्यांची ठरावीक थकबाकी. 1 डिसेंबर 2020 पासून त्यामागोमाग कर खात्याचा व्हॅट आणि पगारातून कापलेला कर. या सगळ्यानंतर विनातारण धनको. शिवाय खेळाडूंचं आणि इतर क्लबांचं देणं पूर्ण चुकतं केल्याशिवाय ईएफएल नव्या मालकाला क्लब चालवू देत नाही. कर खात्याने या 'फुटबॉल धनको' नियमाला आव्हान दिलं होतं आणि 2012 मध्ये ते उच्च न्यायालयात हरलं. गावातल्या केटररला पौंडामागे काही पेन्स आणि दुसऱ्या क्लबला पूर्ण रक्कम, ही या पद्धतीतली सर्वांत अन्यायाची गोष्ट आहे.

ईएफएलची आणखी एक अट विनातारण धनकोंच्या कामाची आहे. त्यांना पौंडामागे किमान 25 पेन्स, किंवा तीन वर्षांत 35 पेन्स मिळाले नाहीत तर क्लबचे पुढे आणखी 15 गुण कापले जातात. म्हणजे वरच्या 300 पौंडांचे निदान 75 तरी हाती यावेत, यासाठी खरेदीदारावर दबाव असतो.

मतदान: चाहत्यांच्या हातातलं खरं हत्यार

ॲडमिनिस्ट्रेटरने 8 आठवड्यांत आपला प्रस्ताव धनकोंना पाठवायचा असतो आणि 10 आठवड्यांच्या आत त्यावर धनकोंचा निर्णय घ्यायचा असतो. तो बऱ्याचदा 'गृहीत संमती'ची पद्धत वापरतो. अशा वेळी मूल्याने (म्हणजे दाव्यांच्या रकमेने) 10 टक्के धनकोंनी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मंजूर होतो. गप्प बसणं म्हणजे होकार.

पण प्रत्यक्ष बैठक मागायला मूल्याने 10 टक्के, संख्येने 10 टक्के किंवा नुसते 10 धनको पुरतात. सूचना पोचल्यापासून कामाचे पाच दिवस मिळतात. दहा सीझन तिकीटधारकांनी आपापले दावे दाखल करून एकत्र मागणी केली, तर बैठक घ्यावी लागते आणि मैदान कोणाचं, मालकाच्या कर्जावर तारण कधी चढवलं, बोली कोणाच्या आल्या, हे तिथे विचारता येतं.

यात दोन खाचखळगे आहेत. 1,000 पौंडांपर्यंतचा छोटा दावा ॲडमिनिस्ट्रेटर फॉर्मशिवायही वाटपासाठी मान्य धरू शकतो, पण मत द्यायचं असेल तर फॉर्म द्यावाच लागतो, तोही निर्णयाच्या तारखेपर्यंत. बैठक असेल तर आदल्या कामाच्या दिवशी दुपारी 4 पर्यंत. दुसरं म्हणजे, रक्कम निश्चित नसलेल्या दाव्याचं मत सहसा 1 पौंडाचं धरलं जातं. मोजणीत तुम्ही हलके पडता, दहाच्या संख्येत मात्र पूर्ण धरले जाता.

विनातारण धनकोंना कायद्याने राखून ठेवलेल्या हिश्श्यापलीकडे काहीच मिळणार नाही असं प्रस्तावात लिहिलं असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटरला मत मागावंच लागत नाही. तेव्हा मूल्याने 10 टक्के धनकोंना कामाच्या 8 दिवसांत मागणी करावी लागते. त्यासाठी केटरर, छापखाना, स्थानिक संस्था अशा मोठ्या धनकोंशी पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवा.

दावा फेटाळला तर

कारण लेखी मिळतं. त्यानंतर 21 दिवसांत न्यायालयात अर्ज करता येतो, पण 300 पौंडांसाठी तो खर्च परवडत नाही. बहुतेक वेळा कंपनीचं नाव दुरुस्त करून किंवा स्टेटमेंट जोडून तोच दावा पुन्हा दिला की काम होतं. वाटपाआधी दाव्यांची शेवटची तारीख जाहीर होते, सूचनेपासून किमान 21 दिवसांची. ॲडमिनिस्ट्रेशन एका वर्षात आपोआप संपतं, मात्र मुदत वाढवली जाऊ शकते. दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल कंपनीज हाउसवर मोफत वाचता येतो. नव्या मालकाने सीझन तिकिटं स्वीकारली आणि उरलेले सामने झाले, तर दावा लेखी मागे घ्या.

क्लब अजून बुडालेला नसेल तर

पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला आणि तेव्हापासून तिथले चाहते मालकांवर नाराज आहेत. पण दरवर्षीचा तोटा भरून निघतो तो मालकांच्याच पैशाने, आणि ते पैसे भारतातून पाठवायला मधल्या काळात दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. अशा क्लबच्या चाहत्यांनी मालकाविरुद्ध घोषणा जरूर द्याव्यात, पण तीन गोष्टी आजच करून ठेवाव्यात. पुढचं सीझन तिकीट क्रेडिट कार्डाने आणि थेट क्लबकडून घ्या. मैदान कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते लँड रजिस्ट्रीतून, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदींतून, काढा. आणि कंपनीज हाउसवर क्लबच्या नावापुढची तारणांची नोंद उघडून पाहा. नवं तारण चढलं असेल तर ते कोणी आणि कोणत्या तारखेला चढवलं, ते तिथेच दिसतं.