रेझिनमधली वरमाला: रंग का उडतो, ठोकळा चिकट का राहतो

लग्नातल्या वरमालांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न आता बऱ्याच घरांत रेझिनने सोडवला आहे. हार कलाकाराकडे जातो आणि काही दिवसांनी पारदर्शक चौकोनात किंवा बदामाच्या आकारात बंद होऊन परत येतो. कितीतरी जणींनी घरबसल्या हा व्यवसाय उभा केला आहे आणि चांगल्या हातांतून उतरलेलं काम खरोखर देखणं असतं. पण गुलाब काळा पडला, निशिगंध तपकिरी झाला, ठोकळा चिकटच राहिला, अशा तक्रारीही कानावर येतात. यातल्या बहुतेक तक्रारी टाळता येतात. त्यासाठी बाटलीत काय घडतं आणि फुलात काय घडतं, या दोन्ही गोष्टी कळायला हव्यात.

आधी बाटलीचं पाहू. भिंतीचा रंग वाळतो तेव्हा त्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं. या कामात वापरतात त्या इपॉक्सी रेझिनमधून असं काही उडून जावं लागत नाही. रेझिन आणि हार्डनर या दोन द्रवांचा रासायनिक संयोग होतो आणि दोन्हींचा मिळून एक घन पदार्थ बनतो. रेझिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं छोटं त्रिकोणी कडं असतं. कार्बनच्या बंधांना एकमेकांत साधारण 109 अंशांचा कोन सोयीचा असतो. या कड्यात तो दाबून 60 अंशांच्या आसपास आलेला असतो. हार्डनरमधलं अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेलं संयुग, जवळ आलं की हे ताणलेलं कडं फुटतं, तिथे नवा बंध जुळतो आणि उष्णता बाहेर पडते. अमाइनच्या एकेका रेणूला अशी अनेक कडी जोडता येतात, त्यामुळे चहूबाजूंनी विणलेलं जाळं तयार होतं. घट्ट झालेलं इपॉक्सी पुन्हा वितळवता येत नाही ते यामुळेच.

स्वित्झर्लंडमध्ये 1930च्या दशकात पिएर कास्तान हे रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी साहित्य शोधत होते, त्यातून हे रसायन पुढे आलं. 1946 मध्ये सीबा कंपनीने ते अॅराल्डाइट या नावाने गोंद म्हणून लोकांसमोर आणलं. मूर्तीचा तुटलेला हात चिकटवायला आपण ज्या दोन ट्यूब पिळून कालवतो, त्यांच्याच कुळातलं हे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतायचं, रेझिन.

प्रत्येक कड्याला अमाइनचा एक हायड्रोजन लागतो, म्हणजे इथे रेणूंची मोजणी असते. हार्डनर हे विरजण नव्हे. थोडं जास्त घातलं की लवकर लागेल, हा दह्याचा हिशोब इथे चालत नाही. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही. तो तसाच अडकून राहतो, आणि ठोकळा मऊ, चिकट, वास मारणारा होतो. बाटलीवर 2:1 लिहिलेलं असेल, तर ते प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं, हे आधी वाचावं. रेझिनची घनता साधारण 1.15 असते, हार्डनरची 1च्या थोडी खाली. त्यामुळे आकारमानाने 2:1 असलेलं मिश्रण वजनकाट्यावर 100 ग्रॅम रेझिनला सुमारे 43 ग्रॅम हार्डनर असं भरतं. तिथे कुणी 50 ग्रॅम घातलं, तर हार्डनर एक-षष्ठांशाने जास्त झाला. चिकट राहिलेल्या ठोकळ्याचा दोष ब्रँडला देण्याआधी हा हिशोब तपासून पाहावा. दुसरं कारण म्हणजे कपाच्या कडेला आणि तळाशी न कालवलेलं राहिलेलं रेझिन. कडा खरवडत तीन-चार मिनिटं सावकाश ढवळावं, मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळावं. फेटायचं मात्र नाही, हवा शिरते.

आता उष्णता. पाव लिटर मिश्रण कपातच ठेवून बघा. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग कप कोमट लागतो, आणि तिथून पुढे वेग धरतो. गरमीने क्रिया वाढते, क्रियेने गरमी वाढते. पाहता पाहता कप हातात धरवत नाही, प्लास्टिक मऊ पडतं, रेझिन पिवळं होऊन तडकतं, कधी धूरही निघतो. तेच मिश्रण ताटात पातळ पसरलं असतं तर अजून ओतता येईल इतकं पातळ राहिलं असतं. उष्णता तयार होते पूर्ण आकारमानात, बाहेर पडते फक्त पृष्ठभागातून, आणि इपॉक्सी तांब्याच्या सुमारे दोन हजारपट कमी उष्णता वाहू देतं. मधल्या भागाला थंड व्हायला वाटच मिळत नाही.

दुकानात दोन वेगळी इपॉक्सी का असतात, त्याचं उत्तर इथे आहे. कोटिंग रेझिन दाट असतं, लवकर घट्ट होतं, आणि साधारण तीन मिलिमीटरच्या थरासाठी बनवलेलं असतं. कास्टिंग किंवा डीप पोअर रेझिन पातळ असतं, त्याची क्रिया मुद्दाम संथ ठेवलेली असते, आणि ब्रँडप्रमाणे एका वेळी दोन ते पाच सेंटिमीटरचा थर ओतता येतो. कोटिंगवालं खोल साच्यात ओतलं तर ते तापून तडकतं. कास्टिंगवालं पातळ थरात पसरलं तर पुरेशी उष्णताच तयार होत नाही आणि ते कित्येक दिवस लिबलिबीत राहतं. वरमालेच्या ठोकळ्यासाठी कास्टिंग रेझिनच घ्यावं आणि तेही थराथराने ओतावं. सुकलेलं फूल हलकं असल्याने तरंगतं. पहिल्या थरात ते रुतवून थर चिकटसर झाला की पुढचा ओतायचा. त्या अवस्थेत दोन थर रासायनिकरीत्याही जुळतात. खालचा पूर्ण कडक झाला असेल तर आधी पॉलिश पेपर फिरवून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो.

आणि आता फूल, माझ्या मते या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ताज्या पाकळीत पाणीच जास्त असतं. ती तशीच रेझिनमध्ये घातली तर क्रियेच्या उष्णतेने ते पाणी बाहेर येतं, बुडबुडे धरतात, भोवतीचं रेझिन धुरकट होतं. लाल गुलाबाचा रंग अँथोसायनिनचा. हे रंगद्रव्य पाण्यात विरघळतं आणि आम्लात लाल, अल्कलीत निळसर-जांभळं होत पुढे तपकिरीकडे जातं. हार्डनरमधलं अमाइन अल्कलीच असतं. ओली पाकळी, उष्णता आणि अमाइन एकत्र आले की त्या लालीचा टिकाव लागणं कठीण. निशिगंध आणि मोगऱ्यात वेगळंच घडतं: पाकळी चुरगळली की आतली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी द्रव्य बनवतात, कापलेल्या वांग्यावर दिसतं तेच. झेंडू मात्र बराच तग धरतो. त्याचा रंग ल्युटीनसारख्या कॅरोटिनॉइडचा. तो पाण्यात विरघळत नाही आणि अल्कलीने सहसा बदलत नाही. त्याचा शत्रू ऊन.

म्हणून हार हातात आल्याबरोबर फुलं सुटी करून सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, पुरून ठेवावीत. हवाबंद डब्यात आठवडाभर तरी. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते ओलाव्याने भरले की कळतं: नारिंगी हिरवे होतात, निळे गुलाबी. निळ्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तेव्हा नारिंगीच बरे. सुकताना गुलाब थोडा गडद होणारच, कारण पाणी गेल्यावर रंगद्रव्य दाट होतं. ग्राहकाला हे आधीच सांगून टाकावं.

पांढऱ्या पाकळीची अजून एक गंमत आहे. तिच्यात पांढरं रंगद्रव्य नसतं. पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांतून प्रकाश विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. रेझिन त्या पोकळ्यांत शिरलं की हवेच्या जागी पाकळीतल्या सेल्युलोजइतकाच जवळजवळ प्रकाश वळवणारा (म्हणजे तेवढाच अपवर्तनांक असलेला) पदार्थ येतो, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि पाकळी काचेसारखी आरपार दिसू लागते. पाकळीवर आधी पारदर्शक अॅक्रिलिक स्प्रेचा हलका हात दिला की रेझिन आत झिरपणं बरंच कमी होतं. हळद लावलेल्या अक्षताही घालायच्या असतील तर चार दाणे वेगळ्या थेंबात टाकून बघावेत. हळद अल्कलीत लाल होते. हळदीपासून कुंकू होतं ते याच गुणामुळे.

बाकीच्या रेझिनांबद्दल थोडक्यात. पॉलिएस्टर स्वस्त, फायबरच्या मूर्तींच्या कारखान्यांत तेच वापरतात. पण ते घट्ट होताना इपॉक्सीपेक्षा बरंच जास्त आक्रसतं, त्यातल्या स्टायरीनचा वास डोक्यात जातो आणि त्याने थर्माकोल विरघळतो. त्याला घट्ट करणारा कॅटॅलिस्ट आणि क्रियेचा वेग वाढवणारं कोबाल्ट हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. घरगुती कामासाठी मी पॉलिएस्टर सुचवणार नाही. पॉलियुरेथेन काही मिनिटांत घट्ट होतं, मात्र ओलावा मिळाला की कार्बन डायऑक्साइड सोडून फेसाळतं. फुलांना ते नकोच. अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं यूव्ही रेझिन कानातल्यांसाठी उत्तम, पण दिव्याचा प्रकाश पोहोचेल तेवढ्याच पातळ थरापुरतं.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दमट हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प अमाइनशी संयोग पावून पृष्ठभागावर तेलकट-पांढरट पापुद्रा आणतात. कडक झाल्यावर तो साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन काढावा, मगच पुढचा थर. उन्हाळ्याची अडचण वेगळी. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली बरीच इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड याहून जास्त तापतो, आणि तिथे ठेवलेली रेझिनची वस्तू वाकते. चहाचा कप ठेवायच्या कोस्टरवर गोल डाग उठतो तोही यामुळेच. कोस्टरसाठी उष्णता सोसणारं रेझिन वेगळं मिळतं.

‘कधीच पिवळं पडत नाही’ ही जाहिरात खरी मानू नका. नेहमीच्या इपॉक्सीतली बेंझिनची कडी अतिनील किरण शोषतात आणि त्यातून हळूहळू पिवळेपणा येतो. चांगल्या रेझिनमधले स्टॅबिलायझर तो लांबवतात, थांबवत नाहीत. खिडकीच्या काचेतूनही अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतोच, म्हणून ठोकळा खिडकीसमोर ठेवू नये.

करणाऱ्या हातांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. इपॉक्सीला उग्र वास नाही म्हणजे ते निरुपद्रवी आहे असं नाही. न घट्ट झालेलं रेझिन आणि हार्डनर त्वचेला वारंवार लागत राहिले की अॅलर्जी जडू शकते, आणि ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. मग हे काम सोडावंच लागतं. नाइट्राइलचे हातमोजे घाला. हाताला लागलं तर थिनर किंवा अॅसिटोन लावू नका, त्याने ते त्वचेत आणखी मुरतं. कोरड्या कापडाने पुसून साबणाने धुवा. खिडक्या उघड्या हव्यात. घासताना मास्क हवा, आणि ओलं घासलं तर धूळ उडत नाही. स्वयंपाकघराचा ओटा, चमचे, वाट्या या कामाला नकोत, लहान मुलं जवळ नकोत. उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका. पातळ थरात पसरून घट्ट होऊ द्या, मग कचऱ्यात टाका.

हार द्यायला जाल तेव्हा वेळेचा हिशोब मनात धरून जा. सुकवायला आठवडा, प्रत्येक थराला एखादा दिवस, शेवटचा थर ओतल्यावर पूर्ण कडक व्हायला बऱ्याचदा आणखी आठवडा, त्यानंतर घासकाम आणि पॉलिश. चार दिवसांत ठोकळा देतो असं कुणी म्हणालं, तर फुलं किती दिवस आणि कशात सुकवणार, एवढं विचारा.