स्की-गिर्यारोहणाची सॅक

पायांना स्की बांधून बर्फाळ डोंगर चढायचा, घसरत उतरायचा आणि रोज मुक्काम बदलत पुढे जायचे, अशा अनेक दिवसांच्या मोहिमेत पाठीवर असणारी पिशवी. मराठी भटक्यांत तिला नुसते ‘सॅक’ म्हणतात.

मोले, चोर्ला किंवा नेत्रावळीच्या रानात सॅक वाहिलेल्या गोव्यातल्या भटक्याची पारख पावसावर आणि घामावर घडलेली असते. बर्फात ती बरीचशी उलटी पडते. अंगापासून सुटी राहणारी जाळीची पाठ दमट हवेत सुखाची. बर्फात मात्र त्या जाळीत हिम अडकते, उबेने वितळते आणि जाकीट भिजते. शिवाय ओझे मागे ओढले जाऊन वळणावर तोल जातो. म्हणून येथे पाठ गुळगुळीत आणि अंगालगत बसणारी हवी. बाहेरच्या खिशातले पाणी गोठते, पिण्याची नळी त्याच्याही आधी. पावसाळी आवरण वाऱ्यात फडफडते व स्की बांधण्याच्या आड येते. त्यापेक्षा कपडे आणि स्लीपिंग बॅग आतच जलरोधक थैल्यांत भरावीत.

आकार मुक्कामावर ठरतो. आल्प्समधील शामोनी ते झेरमाट या मार्गावर रात्री डोंगरातल्या निवाऱ्यांत जेवण आणि अंथरूण मिळते, त्यामुळे ३० ते ४० लिटर पुरतात. हिमालयात असे निवारे जवळजवळ नाहीत. तंबू, स्टोव्ह, इंधन आणि शिधा आला की ५० लिटरही अपुरे पडू शकतात. तरी सामान आधी जमिनीवर मांडावे आणि सॅक मग घ्यावी. मोठी सॅक रिकामी राहत नाही, आणि जड पाठीने उतारावर स्की वळवणे फार कठीण जाते.

सर्वांत कसून पाहावा तो हिमस्खलनाच्या साधनांचा कप्पा. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. अशा वेळी फावडे आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब सळई, कपड्यांच्या ढिगाखाली असून चालत नाही. त्यांना बाहेरून उघडणारा स्वतंत्र कप्पा हवा, आणि त्याची चेन जाड हातमोज्यांनीही ओढता आली पाहिजे. गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून संकेत पाठवणारे आणि पकडणारे शोधयंत्र, म्हणजे ट्रान्सीव्हर, सॅकमध्ये कधीच ठेवू नये. ते अंगावरच बांधतात. फुगा असलेली एअरबॅग सॅक माणसाला बर्फाच्या पृष्ठभागाजवळ राहायला मदत करते, पण तिचे वजन वाढते, आतली जागा घटते आणि या तिन्ही साधनांची गरज तशीच राहते. गॅस सिलिंडरवर चालणारी एअरबॅग विमानातून न्यायची तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

स्कीवरून चढता येत नाही तिथे स्कीच सॅकवर बांधाव्या लागतात: दोन्ही बाजूंना एकेक, किंवा जोडी तिरकी. स्कीच्या पोलादी कडा कापड फाडतात, म्हणून त्या जागी मजबूत अस्तर पाहावे. हिमकुऱ्हाडीसाठी अडकवण आणि हार्नेसवर (दोर अडकवायच्या कंबर-मांड्यांच्या पट्ट्यांवर) नीट बसणारा कंबरपट्टाही तपासावा.

माप उंचीवरून घेत नाहीत. मान वाकवल्यावर वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. दहा-बारा किलो भरून चोर्ल्याच्या चढावर दोनदा नेली की खांदे खरे काय ते सांगतात.

गोव्यात तिला जपावेही लागते. कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्णतेत चिकट होतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. पावसाळाभर माळ्यावर बांधून ठेवण्यापेक्षा ती सगळ्या चेनी उघड्या ठेवून हवेशीर जागी टांगावी आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सावलीतच नीट वाळवावी.