अनुदानाची यादी गुप्त नसते

काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यापासून नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत एक समज घट्ट बसलाय: सरकारी अनुदान कोणाला मिळालं ही ज्याची त्याची खासगी बाब, दुसऱ्यानं विचारायचं नाही. हे खरं नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ पाहा. अनुदानाची योजना कशी राबवली, किती रक्कम दिली, लाभार्थी कोण, हे सारं कार्यालयानं स्वतःहून प्रसिद्ध करायचं आहे. कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही.

शेतकऱ्यांना थेट पैसे देणाऱ्या केंद्राच्या पीएम-किसान योजनेचंच घ्या. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. तिच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की लाभार्थ्यांची नावं दिसतात. लॉगिन लागत नाही. आधार क्रमांक आणि बँक खातं मात्र तिथं उघड केलेलं नसतं, आणि ते तसंच असायला हवं. खासगी काय ते एवढंच. पैसा जनतेचा आहे.

यादी उघड असण्याचं मोल मोठं आहे. आयकर भरणारे या योजनेत बसत नाहीत; असं नाव यादीत असेल तर ते आधी ओळखणार गावकरीच. आणि पात्र असून वगळल्या गेलेल्या विधवा शेतकरी बाईलाही आपलं नाव नाही हे तिथंच कळतं.

ठिबक किंवा अवजारांच्या अनुदानाची यादी कुठंच लावलेली नसेल, तर तालुका कृषी कार्यालयात माहिती अधिकाराचा लेखी अर्ज द्या. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.