लॅपटॉपची बॅटरी वॉरंटीत बदलून घ्यायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि तक्रारीची पद्धत

लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुतेक कंपन्या एकच वर्ष देतात. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून बॅटरीची मुदत वेगळी पाहा.

खरा वाद पात्रतेवर होतो. वापराने क्षमता हळूहळू घटली तर ती झीज, वॉरंटीत बसत नाही. चार्जच न होणं, ४० टक्के दिसत असताना मशीन पटकन बंद पडणं, बॅटरी फुगणं ही दोषाची लक्षणं. नुसतं ‘बॅकअप मिळत नाही’ म्हणालात तर ‘बॅटरी कन्झ्युमेबल (वापराने संपणारी वस्तू) आहे’ हे ठरलेलं उत्तर ऐकावं लागतं. म्हणून पुरावा घेऊनच जा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता) असते. ५०,००० मिलीवॅट-तासांची बॅटरी आठ महिन्यांत २८,०००वर आली असेल, तर तिला साधी झीज म्हणणं अवघड. डेल, एचपी, लेनोवोच्या मशीनमध्ये कंपनीची स्वतःची बॅटरी चाचणीही असते. त्यात एरर कोड आला तर फोटो काढा. माझ्या मते हा सगळ्यात भक्कम कागद.

बाकी कागदपत्रं थोडीच: जीएसटी बिल (ऑनलाइन खरेदी असेल तर ऑर्डरमधून डाउनलोड करा), मशीनखालच्या सीरियल नंबरचा फोटो आणि वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिची पावती.

तक्रार मुदत संपण्याआधी नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. सर्व्हिस सेंटरला मशीन देण्यापूर्वी डेटाचा बॅकअप घ्या, चार्जर सोबत न्या. जॉब शीटवर (मशीन जमा केल्याच्या नोंदीचा कागद) सही करण्याआधी ती वाचा. तिथे ‘फिजिकल डॅमेज’ असं घाईत लिहिलेलं पुढे महागात पडतं. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग बंद करा, दाबू नका, स्वतः कुरिअरनेही पाठवू नका.

नकार मिळाला तर कारण ईमेलवर मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही तोडगा निघाला नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती चालते, कंपनी बेंगळुरूची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.