घोड्याची ओळखनोंद व सूक्ष्मचिप (विदर्भ)

ज्या घोड्याचे नाव कोणत्याही वंशनोंदवहीत नाही, अशा घोड्याच्या अंगलक्षणांचे पशुवैद्याने केलेले लेखी वर्णन, त्याच्या मानेत बसविलेली क्रमांकाची सूक्ष्मचिप आणि हे दोन्ही मालकाच्या नावाशी जोडणारे कागद, यांना मिळून ओळखनोंद म्हणतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याची नोंद शिंगरू असतानाच होते. ग्रामीण घोडा मात्र बहुधा कागदाविनाच जन्मतो, विकला जातो आणि मरतो. विदर्भात वरातीची घोडी, टांग्याचे तट्टू, धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारे घोडे, चिखलदऱ्याला पर्यटकांना फिरविणारे घोडे आणि पालखीपुढचे अश्व हे या वर्गात येतात. यांतील काही जनावरे सारंगखेडा (जि. नंदुरबार) व माळेगाव (जि. नांदेड) येथील यात्रांच्या बाजारांतून येतात.

पूर्वेतिहास : घोड्याला लेखी ओळख देण्याची प्रथा भारतात किती जुनी, याविषयी एकमत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या, म्हणजे राजाच्या घोड्यांवरील अधिकाऱ्याच्या, प्रकरणात (अधिकरण २, अध्याय ३०) प्रत्येक घोडा कुल, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग आणि आगम, म्हणजे तो कोठून आला, या सहा बाबींसह लिहून घ्यावा, असे सांगितले आहे. विकत आलेला, युद्धात मिळालेला, तबेल्यात जन्मलेला, गहाण पडलेला असे भेदही तेथे केले आहेत. हा उल्लेख निर्विवाद आहे. वाद आहे तो ग्रंथाच्या काळाचा. कंगले प्रभृती अभ्यासक तो मौर्यकाळात, इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस ठेवतात. ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शैलीच्या संख्याशास्त्रीय तपासणीतून ग्रंथात एकाहून अधिक हात असल्याचे मांडले, तर ऑलिव्हेल मूळ रचना इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास मानतात. हे नंतरचे मत अधिक पटणारे आहे. तरी निरनिराळ्या अध्यक्षांची प्रकरणे जुन्या स्वतंत्र टिपणांवरून घेतली असण्याची शक्यता उरतेच, आणि घोड्यांची ही सहा कलमी यादी त्या जुन्या थरातली असावी.

मध्ययुगात याच गरजेतून ‘दाग’ व ‘चेहरा’ ही जोडपद्धत आली. घोड्याच्या अंगावर डाग देणे आणि स्वाराचे व घोड्याचे वर्णन दफ्तरात लिहिणे, असे तिचे स्वरूप होते. इतिहासकार बरनी याच्या वृत्तांताच्या आधारे तिचे श्रेय अलाउद्दीन खिलजी (कार. १२९६–१३१६) याला दिले जाते. हजेरीला एकच घोडा दोनदा दाखवून पगार उचलण्याची किंवा चांगला घोडा विकून त्याजागी मरतुकडा उभा करण्याची लबाडी रोखणे, हा तिचा हेतू होता. शेरशाह सूर (१५४०–४५) याने ती पुन्हा अमलात आणली आणि अकबराच्या कारकीर्दीत १५७३ ते १५७५ च्या सुमारास ती मनसबदारीशी जोडली गेली. वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांच्या ताब्यात गेल्यावर ती येथील फौजेलाही लागू झाली असावी. मराठ्यांच्या लष्करात स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर हा भेद होता; म्हणजे घोडा नेमका कोणाचा, हा प्रश्न तेथेही रोजचा होता. सभासदाच्या बखरीनुसार दर पंचवीस स्वारांमागे एक नालबंद असे. पागेतला प्रत्येक खूर रोज हाताळणारा हा माणूस त्या काळी घोडा ओळखणारा बहुधा सर्वांत विश्वासू साक्षीदार असावा.

वर्णनपत्र : चिप आली तरी वर्णनाची गरज संपत नाही, कारण चिप वाचायला यंत्र लागते आणि डोळे सर्वांकडे असतात. वर्णनपत्रावर घोड्याची डावी व उजवी बाजू, समोरून व मागून दिसणारे पाय, चेहरा आणि मुस्कट यांच्या रेखाकृती छापलेल्या असतात. पांढऱ्या खुणा लाल शाईने रेखाटतात, केसांचा भोवरा फुलीने दाखवितात. कपाळावरचा चांद, नाकावरचा पट्टा, कोणता पाय कोठपर्यंत पांढरा, खुराचा रंग, जुन्या जखमेचा व्रण हे सर्व शब्दांतही लिहितात. पंचकल्याणी (चारही पाय व तोंड पांढरे), अबलख (पांढऱ्या चट्ट्यांचा), अर्जल (एक पाय पांढरा), मुश्की (काळा), कुमाईत (गडद तांबडा), सबजा (करडा) हे पारंपरिक शब्द मालकाच्या तोंडी असतातच. ते नोंदीत कंसात घेतले तर पुढे कामी येतात.

भोवऱ्यांचे महत्त्व येथे विशेष आहे. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या परंपरेतील अश्वशास्त्रांत आवर्तांचा, म्हणजे भोवऱ्यांचा, विचार शुभाशुभाच्या अंगाने झाला. देवमण हा शुभ मानलेला भोवरा असलेला घोडा घ्यावा, गोम हा अशुभ मानलेला भोवरा असलेला टाळावा, हा समज बाजारात अजून किंमत ठरवितो. आधुनिक वर्णनपत्राला शुभाशुभाशी कर्तव्य नाही, पण भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नाही हे त्याने तितक्याच गंभीरपणे घेतले आहे. अंगावर एकही पांढरा केस नसलेल्या कुमाईत घोड्याची ओळख कपाळ, मान आणि छातीवरच्या भोवऱ्यांवरच उभी असते. पायांच्या आतल्या अंगाला असणारे शिंगासारखे टणक चट्टेही प्रत्येक घोड्याचे वेगळे असतात व गरज पडल्यास त्यांची बाह्यरेखा काढून ठेवतात.

रंग मात्र फसवा असतो. सबजा घोडा जन्मतो काळा किंवा तांबूस आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. सहाव्या महिन्यात ‘काळा’ म्हणून लिहिलेले शिंगरू आठव्या वर्षी कागदाशी जुळत नाही. गुलाबी कातडीचा नुकरा जन्मतःच पांढरा असतो, म्हणून ओठ व डोळ्यांभोवतीची कातडी पाहून दोघांतला फरक नोंदवावा. वरातीच्या घोडीचे पाय व शेपूट मेंदीने रंगविलेले असते आणि पावसाळ्यात पाय गुडघ्यापर्यंत काळ्या मातीने माखलेले असतात. अशा वेळी पाय धुऊन, मेंदीखालचे मूळ केस पाहूनच वर्णन लिहावे.

वय दातांवरून ठरवितात. दुधाचे मधले पुढचे दात साधारण अडीचव्या वर्षी, त्यांच्या शेजारचे साडेतीनव्या व कडेचे साडेचारव्या वर्षी पडतात; पाचव्या वर्षी तोंड जुळते, म्हणजे पुढचे सर्व पक्के दात येऊन पूर्ण होतात. वरच्या कडेच्या दातावरची खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ दिसू लागते, पंधराव्या वर्षी अर्ध्यावर येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत खळगे कोरून व काळे करून तो तरुण म्हणून विकण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून दहा वर्षांपुढचे वय ‘अंदाजे’ या शब्दानेच लिहिणे योग्य.

सूक्ष्मचिप : ही तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिमी. लांब व २ मिमी. जाड काचेची कुपी असते. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ आणले की त्याच्या १३४.२ किलोहर्ट्‌झच्या क्षेत्रातून ऊर्जा घेऊन ती आपला १५ अंकी क्रमांक परत पाठविते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ११७८४ हे मानक क्रमांकाची रचना ठरविते, ११७८५ हे संदेशवहनाची पद्धत. पहिले तीन अंक देशाचे (भारताचा सांकेतांक ३५६) किंवा ९०० पासून पुढच्या मालिकेतले उत्पादकाचे असतात. चिपमुळे घोडा कोठे आहे हे कळत नाही. ‘चोरी झाली तर मोबाइलवर दिसेल’ असे सांगून चिप विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

जागा ठरलेली आहे : मानेची डावी बाजू, दोन्ही कानांमागचा भाग आणि आयाळ संपते तो खांद्यावरचा उंचवटा यांच्या मध्यावर, आयाळीच्या मुळापासून दोनतीन सेंमी. खाली, मानेच्या जाड अस्थिबंधात. आधी मानेच्या दोन्ही बाजूंवरून यंत्र फिरवून जुनी चिप नाही याची खात्री करतात. मग केस कापून, जंतुनाशक लावून एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुईने चिप सोडतात आणि लगेच पुन्हा वाचून क्रमांक पाकिटावरच्या चिकटपट्टीशी ताडून पाहतात. धनुर्वाताची लस दिलेली नसेल तर ती त्याच वेळी द्यावी, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

गायी-म्हशींना बारा अंकी बिल्ला कानात असतो, तोच घोड्याला का नाही, असे गावात हमखास विचारतात. घोड्याचा कान पातळ व सतत हलता असतो, त्यात बिल्ला अडकून कान फाटतो. शिवाय मारवाडी व काठेवाडी जातींची आत वळलेली कानांची टोके हीच त्यांची जातखूण आहे.

नोंद कोठे : ब्रिटनमध्ये घोड्याला ओळखपत्र सक्तीचे असून इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून जुन्या घोड्यांनाही चिप बंधनकारक झाली. भारतात सर्व घोड्यांसाठी अशी सक्ती नाही. नोंद घोड्याच्या जातीवर व उपयोगावर अवलंबून आहे. थरोब्रेडची वंशनोंद ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या वहीत नोंद नसलेल्या आईबापांचे जनावर शिरू शकत नाही. मारवाडी, काठेवाडी घोड्यांसाठी त्या त्या जातीच्या संस्था आहेत. भीमथडी तट्टाला २०२३ च्या सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. क्रीडास्पर्धांसाठी भारतीय अश्वारोहण महासंघाकडे नोंद होते. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या घोड्यांना चिप सक्तीची केली आहे.

विदर्भातला बहुसंख्य घोडा यांपैकी कशातच बसत नाही. त्याच्यासाठी बाजाराची पावती किंवा दोन साक्षीदारांच्या सह्यांचा खरेदीखत-कागद, ग्रामपंचायतीचा मालकीचा दाखला आणि पशुधन विकास अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी दिलेले, चिपक्रमांक लिहिलेले वर्णनपत्र एवढेच कागद होतात. ते कमी लेखू नयेत. चिपमध्ये मालकाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. तो कोठेच लिहिला नसेल तर चिप असून नसल्यासारखी. तालुक्याच्या दवाखान्यात वाचक यंत्र आहे का, हे आधी विचारून घ्यावे. मोठ्या तपासणीसाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था ही जवळची ठिकाणे आहेत.

ओळखीची खरी निकड रोगनियंत्रणात दिसते. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा रोग २००९ च्या प्राणिरोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याखाली कळविणे बंधनकारक आहे. रक्तनमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो आणि रोग निश्चित झाल्यास जनावराला दयामरण द्यावे लागते. एका गोठ्यात दोन पांढऱ्या घोड्या असतील आणि नमुन्यावर फक्त ‘पांढरी घोडी’ एवढेच लिहिले असेल, तर निरोगी घोडी मारली जाण्याचा आणि रोगी वरातीत नाचत राहण्याचा धोका आहे. भरपाई व विमा यांनाही जनावर तेच आहे हे दाखवावे लागते. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ च्या बदलानंतर विमाहप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्के ठरला असून घोडे, गाढवे व उंट यांच्या पैदाशीलाही साहाय्य खुले झाले. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे ३.४ लाखांवर आली होती, २०१२ च्या तुलनेत ४५.६ टक्क्यांनी कमी.

घोडा विकताना वर्णनपत्र नव्या मालकाला द्यावे व मागच्या बाजूस हस्तांतराची नोंद सहीसह करावी. वाहनातून नेताना पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो (१९७८ चे प्राणी वाहतूक नियम). त्यावरही चिपक्रमांक लिहून घ्यावा. घोडा मेल्यास मृत्यूची नोंद त्याच कागदावर करून तो दवाखान्यात परत द्यावा, म्हणजे तो क्रमांक दुसऱ्या जनावराच्या नावावर फिरणार नाही.